मळ

दर रविवारी नहाणीत पाटावर बसवायचे त्याला,
मान खाली घालून.
हरभऱ्याचं पीठ, अर्धं लिंबू,
त्यानं भागेना तर टाचा घासायची वजरी.
"आई, आग होऊलालीय."
"होऊ दे. तेरा वर्षांचा घोडा झालास,
मान बघ, तव्याच्या बुडासारखी."
मळ निघत नव्हता.
कातडी तेवढी सोलायची.

औसा रोडच्या डॉक्टरीणबाई
तापाचं औषध लिहिता लिहिता थांबल्या,
त्याच मानेवरून बोट फिरवलं,
मखमलीवरून फिरवावं तसं, अलगद,
आणि म्हणाल्या, हे किती दिवसांपासून?
मी म्हणलं, आंघोळीचा कंटाळा आहे हो त्याला.
त्या म्हणाल्या, हा मळ नाही.

मग त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले.

झोपतो किती वाजता?
फाउंडेशनच्या टेस्ट असतात, एक वाजतो.
क्लासला पायी जातो?
रिक्षा येते, चौदा दप्तरांची.
खेळायला?
लातूरला आलो तेव्हा खोलीच्या खिडकीतून मैदान दिसायचं,
भाडं त्याचंच जास्त होतं.
आता तिथं प्लॉटिंग आहे, चुन्याच्या रेघा,
आणि मे महिन्यात तर दारची पायरीसुद्धा
पाय टेकू देत नाही.
पाणी?
नळाला दहा दिवसांनी येतं. जार जपून वापरते.
खालच्या दुकानात थंड बाटली मात्र
रोज येते, दहा रुपयाला,
एक दिवस खाडा नाही.

मधेच मन्मथ बोलला,
"दोन. रोज दोन पितो."
मला एकच ठाऊक होती.

ज्वारी खाता का, म्हणाल्या.
गावाकडचं रान सगळं सोयाबीन झालंय, बाई.
ज्वारी आम्हीच आता विकत आणतो,
पाहुणे आले की भाकरी थापतो,
हौस म्हणून.

शेवटी पेन उचलून धरला त्यांनी.
जन्मला तेव्हा वजन?

हे कुणी विचारत नाही आता.
एक किलो नऊशे.
त्या साली विहिरीत नुसता गाळ होता.
आठवा महिना मी टँकरच्या रांगेत काढला,
रिकामी घागर भरल्या पोटाला टेकवून.
सकाळचा चहा, मग थेट संध्याकाळ.
"पोटातच काटकसर शिकून येतात अशी लेकरं,"
बाई म्हणाल्या, "मिळेल तो घास साठवून ठेवतात."
माझं नाव घेतल्यासारखं वाटलं.

बारशाला सासूबाईंनी तळहातावर धरला होता त्याला,
चिमणीच्या पिलासारखा.
सगळे म्हणले, चार याला, चार.
मी चारलं.
दुधात साखर दोन चमचे, मग तीन,
रडू नये म्हणून बिस्किटाचा पुडा,
गाल वर आले तेव्हा तीट लावली,
कुणाची नजर नको.
दुष्काळ आतच बसून होता,
आणि बाहेर सगळं पाकिटात पिकलं होतं.

रिपोर्ट आला.
अजून उंबऱ्यावर आहे, म्हणाल्या, आत गेला नाही.
उंबऱ्यावर बसू नये म्हणून
रोज ओरडते मी त्याला.

पहाटे साडेपाचला प्लॉटिंगचे वॉचमन मोईजचाचा
तारेची कडी काढून देतात.
"घरां बनने तक दौड ले, बेटा."
सतरा नंबर विकला गेलाय,
वीसमध्ये पायाचे खड्डे घेतलेत.
चुन्याच्या रेघा ओलांडत मन्मथ पळतो,
दम लागतो, थांबतो, कमरेवर हात ठेवतो,
माझ्याकडं बघत नाही.

घरी येतो तेव्हा मान घामानं ओली.
सवयीनं माझा हात वजरीकडं जातो,
कोनाड्यापाशीच थांबतो.
पदरानं नुसती टिपून घेते.
तो मान खाली घालूनच विचारतो,
"निघालं का काही?"